केबल बंद करायचा निर्णय कोणाचा?

हिशेब अगदी सोपा दिसतो. एका बाजूला केबलचं महिन्याचं बिल, दुसऱ्या बाजूला ओटीटीचं सबस्क्रिप्शन. घरात वायफाय आहे, फोनच्या रिचार्जवर रोजचा डाटा मिळतो, एखाद्या प्लॅनबरोबर एक-दोन ॲप फुकटच येतात. पॅकमधल्या शेकडो चॅनलपैकी बघितले जातात पाच, फार तर सहा. मग दर महिन्याला हे पैसे कशासाठी भरायचे? घरातल्या बाविशी-पंचविशीतल्या कोणीतरी हा हिशेब मांडलेला असतो आणि त्यात बेरजेची चूक सहसा नसते.

पण हिशेब मांडणारा माणूस बहुतेक वेळा घरात सगळ्यात कमी टीव्ही बघणारा असतो. हॉलमधून तो केव्हाच उठून गेलाय. जेवणाचं ताट घेऊन तो आतल्या खोलीत बसतो, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवतो आणि आपलं आपलं बघतो. केबल गेली तर त्याच्या संध्याकाळीत काहीच बदलणार नाही. बदल होणार आहे तो हॉलमध्ये बसलेल्या आईच्या, आजोबांच्या संध्याकाळीत. म्हणजे ज्याचं काही जाणार नाही तो ठरवतो, आणि ज्याचं जाणार आहे त्याला कळवलं जातं.

तीनशे-चारशे रुपयांचा हा निर्णय तसा क्षुल्लक. पण घरातले बरेचसे निर्णय असेच क्षुल्लक दिसत होतात, म्हणून याकडे जरा सावकाश बघू.

आधीही असंच झालं होतं

केबलची बाजू घेणारे आज जुन्या वळणाचे वाटतात. एके काळी तेच नवे होते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं घरात एक, फार तर दोन चॅनल होते. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात अर्धी चाळ बसायची. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की रस्ते ओस पडायचे. मग १९९१ मध्ये आखाती युद्ध सीएनएनवर दिसलं, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला. गल्लीतल्याच एखाद्या हुशार मुलाने गच्चीवर डिश बसवली आणि तिथून वायर निघाली. या गच्चीवरून त्या गच्चीवर, झाडावरून, विजेच्या खांबावरून, खिडकीच्या फटीतून घरात. हा केबलवाला. महिन्याच्या सुरुवातीला तो पैसे मागायला यायचा, रात्री स्वतःच्या चॅनलवर नवा सिनेमा लावायचा, गणपतीत मंडळाची आरती दाखवायचा. त्याच्या धंद्यासाठी कायदा आला तो १९९५ मध्ये, म्हणजे धंदा घराघरांत पोहोचल्यानंतर.

तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनाही केबल म्हणजे संस्कार बुडाल्यासारखं वाटलं होतं. 'शंभर चॅनल कशाला हवेत?' असं विचारणारी पिढी होतीच. आज केबलला धरून बसलेल्यांनी तेव्हा तो प्रश्न हसण्यावारी नेला होता.

त्यानंतर २०१२ मध्ये मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डाटा स्वस्त झाला. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे दर लागू झाले. पहिल्या शंभर चॅनलसाठी १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर प्रत्येक पे चॅनलची वेगळी किंमत. 'जेवढं बघाल तेवढ्याचेच पैसे' हे त्यामागचं तत्त्व होतं. प्रत्यक्षात अनेक घरांत बिल वाढलं आणि कोणते चॅनल ठेवायचे याची यादी करता करता लोकांना पहिल्यांदाच प्रश्न पडला, की मुळात हे सगळं ठेवायचंच कशाला?

म्हणजे एक पडदा जातो, दुसरा येतो. यात रडण्यासारखं काय आहे? एक फरक मात्र आहे. आधीच्या प्रत्येक बदलात नवे चॅनल आले ते त्याच टीव्हीवर, त्याच खोलीत. दूरदर्शन सोडून केबलकडे गेलेलं घर एकत्रच गेलं. या वेळी पडदाच प्रत्येकाच्या हातात वेगळा झाला आहे. त्यामुळे घरातला एक जण पुढे निघून जाऊ शकतो आणि बाकीचे मागे राहू शकतात. केबल बंद करण्याचा प्रश्न नैतिक होतो तो इथे.

रिमोट कोणाच्या हातात होता?

इथे एक मोह टाळायला हवा. 'पूर्वी सगळं घर एकत्र बसून टीव्ही बघायचं' असं म्हणताना आवाज हळवा होतो, आणि रिमोट कोणाच्या हातात होता हे विसरलं जातं.

बाबा कामावरून आले की बातम्या. मॅच असली की मॅच. ते उठले की आईच्या मालिका, त्याही पोळ्या लाटता लाटता, स्वयंपाकघराच्या दारातून मान वळवून बघायच्या. मुलीला काय बघायचंय हा प्रश्न परीक्षा संपल्यानंतरच्या सुट्टीत निघायचा. घरात नव्याने आलेल्या सुनेला रिमोट हातात घ्यायला किती महिने लागले, ते तिलाच विचारावं. पडद्यावर 'तसलं' काही आलं की चॅनल बदलायचा आणि सगळ्यांनी एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं.

फोनने हे मोडलं. दोन खोल्यांच्या घरात जिला स्वतःची खोली कधी मिळणार नव्हती, तिला इअरफोन लावून स्वतःचा एक कोपरा मिळाला. कोरियन मालिका, मल्याळम सिनेमे, स्टँड-अप, कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठातली व्याख्यानं, हे सगळं तिने कोणाची परवानगी न घेता बघितलं. ज्यांच्या वाट्याला रिमोट कधी आलाच नाही, त्यांना एकत्र बघण्याची थोरवी ऐकवणं अन्यायाचं आहे.

मालिकांवरचा रागही खोटा नाही. एक लग्न तीन-तीन आठवडे चालतं. चांगली बाई म्हणजे सोसणारी आणि वाईट बाई म्हणजे कट रचणारी, एवढंच माणसांचं वर्गीकरण. बातम्यांच्या चॅनलवर आठ चौकोनांत आठ जण एकाच वेळी ओरडतात. हे आपणच पैसे भरून घरात आणतो, असं कोणाला वाटलं तर त्याचं चुकत नाही. यातूनच मग पुढचा युक्तिवाद येतो: हे बंद झालं तर आईचंच भलं होईल.

'तिच्याच भल्यासाठी'

'तुझ्याच भल्यासाठी' हे शब्द आपण दुसऱ्या बाजूने भरपूर ऐकलेले असतात. रात्री उशिरा फोन बघू नकोस, असले सिनेमे बघू नकोस, तुझ्याच भल्यासाठी. त्यावर आपलं उत्तर ठरलेलं: मी काय बघायचं ते मी ठरवीन. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी'मध्ये हेच तत्त्व मांडलं. दुसऱ्याला इजा होत नसेल तर केवळ एखाद्याच्या स्वतःच्या भल्याचं कारण सांगून त्याच्यावर सक्ती करता येत नाही. हे तत्त्व आपल्या बाजूने वापरणाऱ्याला ते आईच्या मालिकांनाही लागू करावं लागतं. नाहीतर पूर्वी रिमोट बाबांच्या हातात होता, आता रिचार्ज मुलाच्या हातात आहे, एवढाच फरक उरतो.

आणि तिचं जातं तरी काय? मालिकाच हव्यात तर त्या ॲपवरही आहेत, कधीही बघता येतात, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण पुरतं नाही.

माझ्या आजीला इंग्रजी येत नाही आणि बारीक अक्षर दिसत नाही. पण मराठी चॅनलचे तीन आकडी नंबर तिला पाठ आहेत. दुपारी घरात कोणी नसताना ती रिमोट घेते, अंगठ्याने आकडे चाचपते आणि हवं ते लावते. घरात जी थोडी यंत्रं ती कोणाच्या मदतीशिवाय चालवते, त्यांत टीव्ही आहे. बऱ्याच स्मार्ट टीव्हींच्या रिमोटवर आकडे नसतात. तिथे बाण असतात, चौकोन असतात, एकेक अक्षर शोधून नाव टाइप करावं लागतं. ॲप उघडलं की आधी विचारतं, कोण बघतंय? कधी अपडेट मागतं, कधी पासवर्ड, कधी ओटीपी, आणि तो ओटीपी येतो ऑफिसात बसलेल्या नातवाच्या फोनवर. 'थांब आजी, मी आलो की लावून देतो.' वाक्य प्रेमाचं आहे. पण कालपर्यंत जी बाई स्वतःच्या हाताने टीव्ही लावत होती, तिला आजपासून त्यासाठी कोणाची तरी वाट बघावी लागते. ज्या सोयीमुळे माझी निवड वाढली, तिच्यामुळेच आजीची कमी झाली.

दुसरं जातं ते घड्याळ. 'कधीही बघता येतं' ही नोकरी करणाऱ्याची गरज. आठ तासांची ड्युटी आणि दोन तासांची लोकल यांतून उरलेल्या वेळात त्याला जमेल तेव्हा बघायचं असतं. ज्याच्या दिवसाला बाहेरून काहीच आकार उरलेला नाही, त्याचं उलटं असतं. सातची मालिका लागली की देवापाशी दिवा लावून झालेला असायला हवा, साडेआठची संपली की जेवण, जेवणानंतरची गोळी त्या पुढच्या मालिकेच्या जाहिरातीत. कधीही बघता येणारी गोष्ट ही वेळ सांगत नाही.

तिसरी गोष्ट फोनवर ऐकू येते. साताऱ्याची मावशी डोंबिवलीच्या बहिणीला विचारते, 'काल बघितलंस का? काढलं ना तिला घराबाहेर!' दोघींनी एकाच रात्री एकच भाग बघितलेला असतो म्हणून हे बोलणं होतं. मालिका सुमार असेल. पण गुडघेदुखी आणि सुनांची गाऱ्हाणी यांच्यापलीकडे बोलायला दोघींना रोज एक तिसरा विषय मिळतो, आणि तो मालिकेच्या दर्जावर अवलंबून नसतो.

सगळे वडीलधारे असेच असतात असं मात्र नाही. कित्येक आजी-आजोबा यूट्यूबवर कीर्तन, पाककृती, जुनी नाट्यगीतं यांत रमलेत. 'कशाला भरता ते केबलचे पैसे?' असं तेच विचारतात. तिथे प्रश्न मिटला. पण तो मिटला, कारण त्यांना विचारलं गेलं किंवा ते आपणहून बोलले.

निघून जाणं आणि बोलणं

अल्बर्ट हर्शमन नावाचा अर्थशास्त्रज्ञ होता. जन्म बर्लिनचा, १९१५ चा. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्याने जर्मनी सोडली. १९७० मध्ये त्याचं एक छोटं पुस्तक आलं, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. एखादी संस्था किंवा सेवा बिघडू लागली की माणसाकडे दोन मार्ग असतात, निघून जाणं किंवा तिथेच राहून बोलणं, आणि निष्ठा असेल तर माणूस निघून जाण्याआधी बोलून बघतो, अशी त्याची मांडणी. त्याला हे सुचलं ते नायजेरियाच्या रेल्वेवरून. रेल्वेची सेवा वाईट होती आणि मालवाहतुकीला ट्रकचा पर्याय होता. स्पर्धेमुळे रेल्वे सुधारायला हवी होती, ती सुधारली नाही. कारण ज्यांनी सगळ्यात मोठ्याने तक्रार केली असती, ते गिऱ्हाईक आधीच ट्रककडे निघून गेले होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या रेल्वेला त्यांच्या जाण्याचा फटका बसला नाही, आणि भांडणारं कोणी उरलं नाही.

मराठी टीव्हीबद्दलही असं म्हणता येईल. टीआरपी ठरते ती निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून. त्या घरांत प्रत्येक माणसाला रिमोटवर आपलं वेगळं बटण असतं आणि टीव्हीसमोर बसताना ते दाबायचं असतं. जे टीव्हीसमोर बसतच नाहीत, त्यांची आवड या मोजणीत येत नाही. मग मालिका बनतात त्या मागे राहिलेल्यांसाठी, आणि निघून गेलेले म्हणतात, बघा, किती वाईट मालिका असतात!

पण हा युक्तिवाद मला इथे पुरता पटत नाही. प्रेक्षकाला टीव्हीशी बोलायची सोय कधी होती? बटण दाबणं हे काही बोलणं नव्हे. मराठी मालिका सुधाराव्यात म्हणून कोणी रोज रात्री त्या सहन करत बसावं, अशी अपेक्षा करता येणार नाही. टीव्ही कंपनीपुरतं बोलायचं तर खुशाल निघून जावं. तिचं आपण काही देणं लागत नाही. केबलवाल्याच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, पण त्यांच्यातले बरेच जण आता ब्रॉडबँडही विकतात. घरात येणारी वायर पुष्कळदा त्याचीच असते.

हर्शमनचं म्हणणं जास्त लागू पडतं ते घराच्या आत. घर ही अशी जागा आहे जिथून पूर्वी निघून जाणं अवघड होतं, म्हणून बोलणं भाग होतं. रिमोटवरची भांडणं आठवा. 'पाच मिनिटं थांब, ओव्हर संपू दे.' 'काल तुझं बघितलं, आज माझं.' 'एवढी कसली ती मालिका, बंद कर.' ही भांडणं वैतागाची होती, पुष्कळदा अन्यायाचीही होती. पण त्यात रोज थोडी देवाणघेवाण व्हायची. आईला काय आवडतं हे नाइलाजाने का होईना माहीत असायचं. बाबांच्या बातम्या ऐकता ऐकता मुलगी एक दिवस त्यांच्याशी वाद घालायची, आणि या घरात आपलं वेगळं मत असू शकतं हे बाबांना तिथे पहिल्यांदा कळायचं.

इअरफोन म्हणजे घरातल्या घरात निघून जाणं. ते ज्यांना हवं होतं त्यांना मिळालं, हे चांगलंच झालं. पण निघून जाणं इतकं सोपं झालं की भांडायचं कारण उरत नाही, आणि भांडायचं कारण उरलं नाही की बरेचदा बोलायचंही उरत नाही. केबल बंद होते त्याच्या कितीतरी आधी हे घडून गेलेलं असतं. केबल बंद करणं ही त्याची फक्त नोंद.

सगळ्यांचं काय असावं?

हा प्रश्न देशापुढेही आला होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सांगितलं, की प्रक्षेपण ज्यांवरून होतं त्या वायुलहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. २००७ मध्ये कायदा झाला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे हक्क कोणीही विकत घेतले तरी त्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागेल. २०१७ मध्ये न्यायालयाने त्याची मर्यादा आखून दिली: हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यासाठी, म्हणजे अँटेनावर आणि फ्री डिशवर. खासगी केबलवर ते द्यायचं नाही. या सगळ्यामागचा विचार साधा आहे. कोणाकडे किती पैसे आहेत यावर अवलंबून न राहता सगळ्यांनी मिळून बघाव्यात अशा काही गोष्टी असतात. बाकीचा बाजार खुशाल चालू दे.

घरालाही असाच एखादा नियम लागू पडतो. सगळंच एकत्र बघायची गरज नाही, ती सक्ती नकोच. पण सगळंच वेगळं बघायचं असेल तर निदान तसं एकमेकांशी बोलून ठरवलेलं असावं.

मग केबल ठेवायची की सोडायची? तुम्ही पुण्यात पीजीमध्ये किंवा एकटे फ्लॅटवर राहत असाल तर हा नैतिक प्रश्न नाहीच. सोडा आणि विसरा. घरात इतर माणसं असतील तर मला एकच नियम योग्य वाटतो: ज्याचं सगळ्यात जास्त जाणार आहे त्याला नकार देण्याचा हक्क असावा. बिल कोण भरतं यावर तो हक्क ठरू नये. आजोबा वीजबिल भरत नाहीत म्हणून त्यांच्या खोलीतला पंखा आपण काढून नेत नाही.

आणि विचारायचं तर ते खरंखुरं विचारावं. 'केबल बंद करतोय, चालेल ना?' या प्रश्नाला आपल्या घरांतल्या बायका 'चालेल' असंच उत्तर देतात. आयुष्यभर त्यांनी तेच उत्तर दिलेलं असतं. त्यापेक्षा एक महिना रिचार्ज थांबवून बघावं, तोही त्यांना आधी सांगून. त्या महिन्यात ॲप कसं लावायचं ते शिकवायला रोज दहा मिनिटं बसावं, त्यांचा हात बसेपर्यंत. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवावं. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, तोही पर्याय सांगावा. महिन्याच्या शेवटी त्या कोणालाही हाक न मारता आपलं आपण लावून बघत असतील आणि त्यांच्या संध्याकाळचा आकार टिकलेला असेल, तर केबल बिनघोर सोडावी. नसेल, तर रिचार्ज करावा आणि त्याबद्दल पुन्हा टोमणे मारू नयेत.

तो महिना बरंच काही सांगून जाईल. कदाचित कळेल की आईला ती मालिका फारशी आवडतच नव्हती. घर फार शांत वाटतं म्हणून ती टीव्ही लावून ठेवत होती. तसं असेल तर त्यावर केबल हा उपाय नव्हता आणि ओटीटीही नाही. ताट घेऊन अधूनमधून हॉलमध्ये येऊन बसावं लागेल, आणि बाई कोण, ती कोणाला घराबाहेर काढते आहे आणि का, हे आईला विचारावं लागेल. ती सगळं पहिल्यापासून सांगेल. त्याला वेळ लागेल.